बर्बेरिनची बाटली उघडण्यापूर्वी

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या टिकटॉकवर बर्बेरिनला, वजन उतरवण्यासाठी गाजलेल्या ओझेम्पिकवरून, ‘निसर्गाचं ओझेम्पिक’ म्हणायला सुरुवात झाली आणि तेव्हापासून पिवळ्या भुकटीची ही कॅप्सूल घरोघरी पोचते आहे. आपल्याकडे ती दोन वाटांनी येते. एक ऑनलाइन दुकानांतून. दुसरी अमेरिका-कॅनडातल्या मुलांच्या सामानातून: बाबांची शुगर आणि आईचं कोलेस्टेरॉल डोळ्यांसमोर ठेवून घेतलेली भलीमोठी बाटली आणि सोबत ‘नॅचरल आहे, काही होत नाही’ असा दिलासा. मग ती बाटली फ्रीजवर जाऊन बसते. बाबा म्हणतात घेऊन तर बघू, आई म्हणते डॉक्टर रागावतील आणि शेवटी कोणीतरी डॉक्टरांना न सांगता सुरू करतं. नेमकं हेच टाळायचं आहे.

माझं मत आधीच सांगते. बर्बेरिन हे थोतांड नाही. त्याच्यावर चीनमध्ये गंभीर संशोधन झालं आहे आणि शुगर व कोलेस्टेरॉल या दोन्हींवर त्याचा परिणाम मोजता येतो. पण रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसेल इतका बदल जी वस्तू करते, तिच्याबद्दल ‘काही होत नाही’ असं म्हणता येत नाही. ती औषध आहे. औषधाला जे नियम, तेच तिला.

मुळी वेगळी, कॅप्सूल वेगळी

बर्बेरिन ज्या चिनी वनस्पतीमुळे प्रसिद्धीला आलं तिचं नाव हुआंगलियान, शास्त्रीय नाव कॉप्टिस चायनेन्सिस. छोंगछिंगजवळच्या शीझू परगण्यातल्या डोंगराळ, दमट भागात तिची मोठी लागवड होते. लावल्यापासून काढणीपर्यंत साधारण पाच वर्षं जातात. जमिनीखालचं खोड कोंबडीच्या पंजासारखं फुटलेलं असतं आणि मोडलं की आतून गडद पिवळं निघतं. चव इतकी कडू, की आपण जिथे ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ म्हणतो तिथे चिनी माणूस ‘मुक्यानं हुआंगलियान खाल्लं’ म्हणतो. चिनी वैद्यकाच्या सर्वांत जुन्या औषधग्रंथांत तिची नोंद आहे. जुलाब, आव आणि पोटात ‘उष्णता’ वाढल्याची लक्षणं यांसाठी वैद्य ती देत आले. बहुतेक वेळा इतर औषधांबरोबर काढ्यात, आणि तीही थोडे दिवस. गुणानं अतिशय थंड मानली गेल्यानं पचन नाजूक असलेल्या माणसाला ती जपूनच दिली जाते.

हा पिवळा रंग आणि हा कडूपणा मुख्यतः ज्या अल्कलॉइडमुळे येतो ते बर्बेरिन. विसाव्या शतकात चीनमध्ये ते वेगळं काढून त्याच्या स्वस्त गोळ्या झाल्या आणि जुलाबावरचं घरगुती औषध म्हणून घराघरांतल्या औषधांच्या डब्यात गेल्या. मधुमेह असलेल्या काही रोग्यांना जुलाबासाठी ही गोळी दिली असता त्यांची शुगरही उतरल्याचं डॉक्टरांच्या ध्यानात आलं. १९८८ मध्ये चीनमधल्या एका वैद्यकीय नियतकालिकात टाइप-२ मधुमेहाच्या ६० रोग्यांवरचा अनुभव प्रसिद्ध झाला. मधुमेहावरचं पुढचं संशोधन या योगायोगातून वाढलं.

इथे थोडा हिशेब करू या, कारण बाटलीवरच्या ‘हजारो वर्षांचा वापर’ या वाक्याचा खरेखोटेपणा त्यातच कळतो. चीनच्या अधिकृत औषधकोशानुसार चांगल्या हुआंगलियानमध्ये किमान ५.५ टक्के बर्बेरिन असायला हवं आणि दिवसाला मुळीची मात्रा २ ते ५ ग्रॅम. म्हणजे ५ ग्रॅमची पुरी मात्रा घेतली तरी त्या किमान प्रमाणानं हाती येतं पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास बर्बेरिन, आणि काढ्यात त्यातलं सगळं उतरतही नाही. मधुमेहाच्या प्रयोगांत देतात १००० ते १५०० मिलिग्रॅम, रोज, तीन-तीन महिने. मुळीच्या रूपात तेवढं घ्यायचं तर दिवसाला २७ ग्रॅमपर्यंत मुळी लागेल. औषधकोशातली मात्रा त्याच्या आसपासही जात नाही. परंपरेनं जे तपासून घेतलं ते लहान मात्रेत, थोड्या दिवसांसाठी, इतर औषधांच्या सोबतीनं. कॅप्सूल नेमकी याच्या उलट वापरली जाते. तेव्हा परंपरेचं प्रशस्तिपत्र कॅप्सूलला चिकटवता येत नाही. कॅप्सूलला स्वतःचा पुरावा हवा.

हाच नियम आपल्या दारुहळदीलाही. हिमालयात वाढणाऱ्या या काटेरी झुडपाच्या मुळांत आणि सालीत हेच बर्बेरिन असतं आणि तिच्या काढ्याचा आटवून केलेला घट्ट अर्क म्हणजे रसांजन, बाजारातला रसौत. दक्षिणेत दारुहळद म्हणून एका वेगळ्याच वेलीचं पिवळं लाकूड विकलं जातं. तिच्यातही बर्बेरिन सापडतं. गुळवेलीतही थोडं असतं. तेव्हा ‘चिनी कशाला, आपलं आहे की’ हा अभिमान रास्त आहे, पण त्यावरून चिनी प्रयोगांतले आकडे दारुहळदीच्या चूर्णाला लावू नका. चूर्णात बर्बेरिन किती हे कोणी मोजलेलं नसतं. आयुर्वेदाच्या पद्धतीनं दारुहळद घ्यायची असेल तर ती वैद्यांना नाडी दाखवून, त्यांच्या हिशेबानं घ्या. तो मार्ग वेगळा आहे. दोन मार्गांची सरमिसळ करून स्वतःच मात्रा ठरवणं सर्वांत वाईट.

आकडे वाचायचे कसे

२००४ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये बीजिंगच्या संशोधकांचा लेख आला आणि बर्बेरिनकडे जगाचं लक्ष गेलं. कोलेस्टेरॉल वाढलेल्या ३२ जणांना तीन महिने बर्बेरिन दिलं, तेव्हा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, २५ टक्क्यांनी आणि ट्रायग्लिसराइड ३५ टक्क्यांनी उतरले. लेखाचं महत्त्व आकड्यांपेक्षा कारणात होतं. लिव्हरच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल ओढून घेणारे ग्राहक असतात. स्टॅटिन गटातल्या गोळ्या ज्या रीतीनं ते वाढवतात, त्याहून निराळ्या रीतीनं बर्बेरिन ते वाढवतं, असं या मंडळींनी दाखवलं. एका जुन्या मुळीतल्या रेणूची नवी यंत्रणा सापडली होती.

२००८ मध्ये शांघायहून मधुमेहावरचा लेख आला. नुकताच मधुमेह निघालेल्या ३६ जणांचे दोन गट केले. एकाला बर्बेरिन, दुसऱ्याला मधुमेहाचं नेहमीचं औषध मेटफॉर्मिन, दोन्ही ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. तीन महिन्यांत बर्बेरिनच्या गटाचं सरासरी एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारा आकडा, ९.५ वरून ७.५ वर आलं आणि उपाशीपोटीची शुगर सुमारे १९१ वरून १२४ वर. परिणाम मेटफॉर्मिनच्या तोडीचा. इंटरनेटवर तुम्हाला जो ‘मेटफॉर्मिनइतकंच प्रभावी’ हा दावा दिसतो त्याचा मोठा आधार हा अभ्यास. ३६ माणसं, तीन महिने.

आता २०२० कडे या. ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये चीनमधल्या अनेक रुग्णालयांत मिळून ४०९ नव्या रोग्यांवर केलेला प्रयोग छापून आला. यात एका गटाला बिनऔषधाची, दिसायला तशीच गोळी दिली होती. बारा आठवड्यांनी बर्बेरिनच्या गटाचं एचबीएवनसी ०.९९ नं उतरलं. ऐकायला छान. पण बिनऔषधाच्या गोळीवरही ते ०.५९ नं उतरलं! प्रयोगात नाव घातलं की माणूस खाणं सांभाळतो, चालायला लागतो, डॉक्टर वरचेवर बघतात. त्याचाही परिणाम असतो. वजाबाकी केली की बर्बेरिनच्या पदरात निव्वळ ०.४ पडतात. २००८ चे दोन आणि २०२० चे ०.४, दोन्ही आकडे खरेच. फक्त पहिल्या वेळी बिनऔषधाचा गट नव्हता, माणसं मूठभर होती आणि त्यांची शुगर सुरुवातीलाच फार चढलेली होती. खूप चढलेली शुगर खाली यायला जागाही जास्त असते.

औषधी वनस्पतीवरची कुठलीही बातमी वाचताना हाच रिवाज ठेवा. माणसांवर केलं की उंदरांवर, हे पहिलं बघा. पेशींवर आणि उंदरांवर बर्बेरिननं इतके रोग बरे केले आहेत की यादी करायला वही लागेल. त्यातलं माणसांत उतरलं फार थोडं. मग किती माणसं, किती महिने आणि तुलना कशाशी, एवढं शोधा. ‘संशोधनातून सिद्ध’ असं लिहिणाऱ्यानं हे आकडे दिले नसतील, तर त्याच्याकडे देण्यासारखे नाहीत असं खुशाल समजा.

एक चांगला अभ्यास मात्र कौतुकानं सांगायला हवा. मोठ्या आतड्यातले पॉलिप, म्हणजे गाठी, एकदा काढल्या तरी पुन्हा उगवतात आणि त्यांतल्या काही पुढे कॅन्सरकडे झुकतात. अशा गाठी काढलेल्या हजाराहून जास्त चिनी रोग्यांना दोन वर्षं दिवसाला ६०० मिलिग्रॅम बर्बेरिन किंवा बिनऔषधाची गोळी देण्यात आली. २०२० मध्ये लॅन्सेटच्या पोटरोगाच्या नियतकालिकात निकाल आला. बर्बेरिन घेणाऱ्यांत ३६ टक्क्यांना गाठी परत आल्या, न घेणाऱ्यांत ४७ टक्क्यांना. माणसं पुरेशी, मुदत लांब, तुलना रास्त. तरीही यातून ‘बर्बेरिन कॅन्सर रोखतं’ असा फॉरवर्ड बनवणाऱ्यांचं तोंड बंद करायला हवं, कारण प्रयोग गाठींच्या पुनरागमनावर होता. तुमच्या गाठी काढल्या असतील तर पोटविकारतज्ज्ञांपुढे हा विषय जरूर काढा. आणि ठरलेली कोलोनोस्कोपी मात्र चुकवू नका.

वजनाचं काय? बर्बेरिनवर सरासरी दोनेक किलो कमी झाल्याचं अनेक लहान अभ्यास एकत्र करून दिसतं. सेमाग्लुटाइडच्या, म्हणजे ओझेम्पिकमधल्या औषधाच्या, वजनासाठी केलेल्या मोठ्या प्रयोगात ६८ आठवड्यांत जवळजवळ १५ टक्के वजन उतरलं होतं. नव्वद किलोच्या माणसाचे तेरा किलो. दोन्ही औषधांची कामाची तऱ्हाही सर्वस्वी वेगळी. ‘निसर्गाचं ओझेम्पिक’ हे नाव विक्रेत्यांना मानवलं, एवढंच.

आणखी एक गोष्ट. मेटफॉर्मिन ‘केमिकल’ म्हणून टाकून बर्बेरिन धरणाऱ्यांना कदाचित माहीत नसेल, की मेटफॉर्मिनचं मूळही एका वनस्पतीत आहे. युरोपातल्या गॅलेगा ऑफिसिनॅलिस नावाच्या झाडात शुगर उतरवणारं एक द्रव्य होतं, पण विषारी. त्याच्या जवळचं, सुरक्षित रसायन प्रयोगशाळेत बनलं आणि ज्याँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरनं १९५७ मध्ये त्याचा माणसांवरचा उपयोग जगापुढे आणला. १९९८ मध्ये ब्रिटनच्या दीर्घ अभ्यासात, दहा वर्षांच्या आसपास पाठपुरावा केल्यावर, मेटफॉर्मिन घेणाऱ्या जाड रोग्यांत हार्ट अटॅक आणि मृत्यू कमी झालेले दिसले. बर्बेरिनच्या पदरी असा पुरावा नाही. शुगरचा आकडा उतरणं आणि माणूस जास्त जगणं यांच्यात बरंच अंतर असतं.

तुमच्या बाकीच्या गोळ्यांशी त्याचं जमतं का

चाळिशी-पन्नाशीपुढच्या ज्या वाचकाला बर्बेरिन घ्यावंसं वाटतं, त्याच्या डब्यात बहुधा आधीच तीन-चार गोळ्या असतात. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

बर्बेरिन पोटात घेतलं की एक टक्क्याहूनही कमी रक्तात पोचतं. बाकीचं आतड्यातच राहतं, तिथल्या जिवाणूंशी त्याचा व्यवहार होतो आणि त्यातून ते रक्तात शिरायला सोपं असं रूप घेतं. हेच रूप ‘डायहायड्रोबर्बेरिन’ म्हणून आता वेगळं आणि महाग विकायला आलं आहे. त्याच्यावर माणसांतला अभ्यास बर्बेरिनच्या पासंगालाही पुरणारा नाही. आतड्यातच जास्त वावर असल्यानं पहिला त्रासही तिथलाच: जुलाब, बद्धकोष्ठ, गॅस, पोटात मुरडा. २००८ च्या त्या शांघायच्या अभ्यासात तिघांत एकापेक्षा जास्त जणांना असा तात्पुरता त्रास झाला होता. मेटफॉर्मिननं आधीच पोट बिघडतं अशी तक्रार असलेल्यांनी दोन्ही एकत्र घेतल्यावर काय होईल याचा अंदाज करावा.

रक्तात इतकं थोडं जातं म्हणून ते लिव्हरला जाणवत नाही, असंही नाही. लिव्हरमधली काही एन्झाइम्स औषधांची मोडणी करतात. निरोगी स्वयंसेवकांना दोन आठवडे ३०० मिलिग्रॅम बर्बेरिन दिवसातून तीनदा दिलं, तेव्हा यातल्या तीन महत्त्वाच्या एन्झाइम्सचं काम मंदावलं. रक्तदाबाच्या लोसार्टानचं शरीरात प्रभावी रूपात होणारं रूपांतर कमी झालं. म्हणजे गोळी घेऊनही बीपी हवं तसं न उतरण्याची शक्यता. ज्या एन्झाइमवर लोसार्टान अवलंबून, त्याच्यावरच शुगरची ग्लिमेपिराइडही अवलंबून असते. ग्लिमेपिराइड शरीरात रेंगाळली की शुगर नको तितकी खाली जाऊ शकते: दरदरून घाम, हातपाय थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी. बर्बेरिन स्वतः शुगर उतरवतं ते वेगळंच. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारखी गोळी चालू असलेल्यांनी बर्बेरिन स्वतःहून सुरू करणं मला सर्वांत धोक्याचं वाटतं. नाडीचे ठोके सावकाश करणारी मेटोप्रोलॉल, रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन, हृदयाची डिगॉक्सिन आणि काही स्टॅटिन यांच्या बाबतीतही डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

किडनी बदललेल्या रोग्यांची गोष्ट तर अगदी स्पष्ट आहे. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून ते सायक्लोस्पोरिन घेतात आणि तिची रक्तातली पातळी फार जपावी लागते. बर्बेरिन सोबत दिल्यावर ही पातळी ठळकपणे वाढल्याचं चिनी अभ्यासात दिसलं आहे. अवयव बदललेल्या माणसानं बर्बेरिन, दारुहळद, रसांजन यांतलं काहीही आपल्या मनानं घ्यायचं नाही.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनाही हे वर्ज्य. नवजात बाळाच्या रक्तात बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य प्रथिनाला चिकटून फिरत असतं. बर्बेरिन त्याला त्या जागेवरून हुसकतं. मोकळं झालेलं बिलिरुबिन बाळाच्या मेंदूपर्यंत पोचलं तर कायमची इजा होते. या भीतीपोटी, विशेषतः जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांचा विचार करून, सिंगापूरनं १९७८ मध्ये बर्बेरिनवर बंदी घातली होती. ती पुढे अनेक दशकांनी, फेरतपासणीनंतर टप्प्याटप्प्यानं उठवली गेली, पण बाळ-बाळंतिणीबद्दलची सावधगिरी कायम आहे. बाळाच्या गुटीत दारुहळद उगाळून घालायचं कोणी सुचवलं, तर सुचवणारी व्यक्ती कितीही वडीलधारी असो, नाही म्हणा.

बाटलीवर काय लिहिलंय

भारतात मिळणाऱ्या बाटल्या दोन तऱ्हेच्या परवान्यांवर विकल्या जातात. एक आयुष खात्याच्या औषध परवान्यावर, दुसरी अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या. दुसऱ्या प्रकारावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापणं बंधनकारक आहे. बहुतेक वेळा ते इंग्रजीत आणि बारीक असतं. शोधा. वर ‘शुगर कंट्रोल’ आणि खाली ‘औषधी वापरासाठी नाही’ हे दोन्ही एकाच डबीवर वाचलं की पुष्कळ उलगडा होतो. ‘मधुमेह बरा करतो’ अशी जाहिरात तर १९५४ च्या जादुई उपाय विरोधी कायद्यानं सरळ बेकायदा आहे. ती करणाऱ्याची बाकीची वचनंही त्याच मापानं मोजा.

अमेरिकेतून आलेल्या बाटलीला तिथल्या औषध प्रशासनानं विक्रीपूर्वी मंजुरी दिलेली नसते. तिथल्या कायद्यानं आहारपूरकांना तशी मंजुरी लागतच नाही. तिथल्या संशोधकांनी बाजारातले १५ बर्बेरिन ब्रँड तपासले, तेव्हा ९ ब्रँडमध्ये लेबलवर लिहिल्याइतकं बर्बेरिन नव्हतं आणि एकात तर जेमतेम एक तृतीयांश. म्हणजे ‘मला काहीच फरक पडला नाही’ म्हणणारा आणि ‘मला चक्कर आली’ म्हणणारा, दोघांनी वेगवेगळ्या मात्रा घेतलेल्या असू शकतात. घ्यायचंच ठरलं तर एकच घटक असलेलं, ‘बर्बेरिन हायड्रोक्लोराइड’ किती मिलिग्रॅम हे नेमकं लिहिलेलं आणि बाहेरच्या संस्थेकडून तपासून घेतलेलं उत्पादन निवडा. अमेरिकन बाटलीवर यूएसपी या संस्थेची तपासणी-खूण असेल तर बरं. दालचिनी, क्रोमियम, कारलं, मेथी यांचं मिश्रण असलेली कॅप्सूल नको. त्रास झाला तर कशामुळे झाला हे कळत नाही आणि फायदा झाला तरी कळत नाही.

वजन उतरवणाऱ्या ‘चिनी जडीबुटी’च्या पुड्या, ज्यांच्यावर घटकच लिहिलेले नाहीत, त्या तर घरात आणूच नका. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममधल्या एका वजन कमी करण्याच्या क्लिनिकमध्ये चिनी मुळीच्या जागी तिच्याशी मिळत्याजुळत्या नावाची दुसरी मुळी गेली. तिच्यात ॲरिस्टोलोकिक ॲसिड होतं. शंभराहून जास्त जणांच्या, बहुतेक तरुण बायकांच्या, किडन्यांना गंभीर इजा झाली आणि काहींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. आपल्याकडेही कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा रोज घेणाऱ्या सहा जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली. वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल असू शकते, असं त्यांचं म्हणणं. वादात कोणाचंही खरं धरा, घेणाऱ्यानं सावध राहायचं हे बदलत नाही.

डॉक्टरांशी काय बोलायचं

पुष्कळ जण डॉक्टरांना सांगत नाहीत, कारण ‘ते हसतील’ किंवा ‘चिडतील’. बाटली सोबत न्या, किंवा मागच्या लेबलचा स्वच्छ फोटो. आणि प्रश्न ‘हे चांगलं आहे का?’ असा विचारू नका, त्याला ‘कशाला हवंय’ हेच उत्तर मिळतं. असं म्हणा: ‘डॉक्टर, माझ्या चालू गोळ्यांबरोबर हे घेता येईल का? यातल्या कुठल्या गोळीशी भांडेल?’ गोळ्यांची यादी कागदावर लिहून द्या, त्यात होमिओपॅथी आणि आयुर्वेदिकही. या नेमक्या प्रश्नाला डॉक्टर नेमकं उत्तर देतात, हा बहुतेकांचा अनुभव आहे. वेळ नसेल तर फार्मासिस्टला विचारा, औषधांच्या आपसातल्या भांडणाचं शिक्षण त्यांनाही असतं.

कोणासाठी हा विचार मुळात करण्यासारखा आहे? माझ्या मते फार थोड्यांसाठी: शुगर सीमारेषेवर आहे, अजून गोळी सुरू नाही, किंवा स्टॅटिननं स्नायू दुखतात म्हणून ती सोसत नाही, आणि डॉक्टरांची हरकत नाही. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसानं स्टॅटिन सोडून बर्बेरिन धरणं हा सरळ आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

डॉक्टर हो म्हणाले, तर सुरू करण्यापूर्वी एचबीएवनसी, लिपिड प्रोफाइल, एसजीपीटी आणि क्रिएटिनिन करून घ्या. हा कागद नसेल तर तीन महिन्यांनी तुलना कशाशी करणार? त्या काळात दुसरं नवीन काही सुरू करू नका, नाहीतर फरक चालण्यानं पडला की कॅप्सूलनं, हे कोडं होऊन बसेल. जेवणासोबत घेतल्यानं पोटाचा त्रास कमी होतो. ग्लुकोमीटर घरी असेल तर पहिले दोन आठवडे उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगर वहीत उतरवा, आणि ७० च्या खाली गेली तर साखर खाऊन लगेच कळवा. बीपीची गोळी चालू असेल तर बीपीही. एचबीएवनसी मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी सांगतं, म्हणून त्याआधी पुन्हा करण्यात पैसे जातील. तीन महिन्यांनी आकडा हलला नसेल तर बाटली संपवायची म्हणून संपवू नका. हलला असेल तरी आपल्या मनानं वर्षानुवर्षं चालू ठेवू नका, कारण प्रयोगांची मुदत बहुतेक तीन महिन्यांचीच आहे. त्यापुढचं डॉक्टरांबरोबर ठरवा.

कावीळ दिसली, लघवी गडद झाली, अंगावर पुरळ उठलं किंवा जुलाब थांबेनात, तर लगेच बंद. दाताच्या किंवा कुठल्याही ऑपरेशनची तारीख ठरली असेल तर भूलतज्ज्ञ ‘कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ असं विचारतील, तेव्हा बर्बेरिनचंही नाव घ्या. ‘ती काय गोळी नाही’ म्हणून गाळू नका.